ओर्ला गार आहे

दिवसा लोक माझ्यावर बसतात आणि रात्री माझ्यात झोपतात, त्यामुळे मला बाक म्हणावं की खाट, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. मी स्वतःला बाकच म्हणवतो. मित्रांनो, मी एक जुना, उंच पाठीचा, लाकडी बाक आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्रापासून दोन शेतं अलीकडे, कोलमनच्या घरातल्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला माझी जागा आहे. माझी बसायची जागा म्हणजे एक पेटीच. तिची कडी काढून ती पुढे ओढली की उलगडून जमिनीवर येते, आणि तिच्या फळ्यांच्या आत गादी टाकली की एकदोन मुलं ऐसपैस झोपतात. हल्लीचे सोफे पाहिले की मला हसू येतं. काम एकच करतात आणि तेही दहा वर्षांत पोट फाडून घेतात.

आमच्या भागात झाडं नाहीत, वारा ती उभी राहू देत नाही. माझं लाकूड समुद्रानं आणून दिलं. कोलमनच्या पणजोबांच्या काळात एक गलबत खडकावर फुटलं आणि त्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. असा माल सरकारजमा व्हायचा, म्हणून पणजोबांनी त्या फळ्या किनाऱ्यावरच्या शिपायांची नजर चुकवून वाळवलेल्या गवताखाली घरी आणल्या. गावोगाव फिरणाऱ्या एका सुताराला बटाटे आणि ताक खाऊपिऊ घालून त्यांनी मला करवून घेतलं. सुतार जाताना म्हणाला की समुद्राचं लाकूड आहे, तो आपली वस्तू विसरत नाही. पणजोबा हसले. मला काही हसू आलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी भरपूर राबलो. या घरातली सगळी मुलं माझ्यात वाढली. दूध सोडलं की पाळण्यातून थेट माझ्याकडे, आणि पाय फळीला लागू लागले की माडीवर, असा घरचा रिवाजच होता. गावचे पाद्री यायचे, घोडे विकणारे यायचे, लग्न जमवणारे यायचे, ते सगळे माझ्यावर बसून चहा प्यायचे आणि माझी पाठ थोपटून म्हणायचे की असं काम आता होत नाही. मी वरवर काही दाखवत नसे, पण मला ते आवडायचं.

आणखी एक काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याला लगेच नेत नाहीत. त्याला घरातच ठेवतात, उशाशी मेणबत्त्या लावतात आणि सगळं गाव येऊन बसतं. चहाच्या किटल्या उकळत राहतात, हॅम कापलं जातं, गेलेल्याच्या खोड्या निघतात, कुणी हसतं, कुणी रडतं, आणि मगच त्याला नेतात. या बसण्याशिवाय माणूस पुरता गेला असं आमच्याकडे कुणी धरत नाही. कोलमनचे पणजोबा, आजोबा, आई, वडील, सगळ्यांसाठी लोक बसले ते माझ्याभोवतीच.

ओर्लासाठी कुणी बसलं नाही.

ओर्ला ही कोलमन आणि ब्रीडाची एकुलती एक मुलगी. सात वर्षांची होती. झोपण्याआधी टाचांनी माझ्या फळीवर ठोकायची खोड होती तिला, आणि ब्रीडा रागावली की ती म्हणायची, बाकाला आवडतं. खरं सांगायचं तर मला आवडायचं. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी ती दुसऱ्या मुलांबरोबर खडकांवर शिंपल्या वेचायला गेली. एक मोठी लाट आली, आणि मुलं परत आली त्यांत ती नव्हती. गावातल्या सगळ्या होड्या बाहेर पडल्या. दिवसामागून दिवस त्यांनी शोधलं. सापडलं काहीच नाही, बूटसुद्धा नाही.

देह नाही म्हणून बसणं नाही. पाद्री प्रार्थना करू या म्हणायला आले, तेव्हा ब्रीडानं त्यांना दारातच विचारलं, "कुणासाठी?" ते परत गेले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ब्रीडा माझी कडी काढायची, मला उलगडायची, गादी झटकायची, धुतलेली चादर घालायची आणि रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती पायाकडे ठेवायची. मग गादीवर हात फिरवून म्हणायची, "ओर्ला, झालं बघ. ओर्ला, ये आता." सकाळी ती मला पुन्हा मिटायची. दाराला कडी लावायची नाही, असा हुकूम होता. दिवसा माझ्यावर कुणी बसायचं नाही, असाही होता. कोलमन निमूटपणे खुर्चीत बसायचा. त्याची म्हातारी आत्या पेग, शेजारच्या घरात राहणारी, रोज येऊन स्टुलावर टेकायची आणि म्हणायची की एवढा थोरला बाक असून ऐंशी वर्षांच्या म्हातारीनं कोंबडीसारखं दांडीवर बसायचं, हे बरंय.

मित्रांनो, मी भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा बाक नाही. पण माझ्यात कोण झोपलंय हे मला कळतं. माणसाला डोळे असतात, मला वजन कळतं. ब्रीडा हाक मारून दिवा मालवून गेली की माझ्या गादीवर एक हलकं ओझं यायचं. मुलाचंच. ते टाचांनी ठोकायचं नाही, कूस बदलायचं नाही. नुसतं पडून राहायचं, आणि सकाळी गादी ओली असायची. कोलमन म्हणायचा की रबरी पिशवी गळते. त्यानं ती बदलून पाहिली, तरी गादी ओलीच. मला खारट पाणी आणि गोडं पाणी यांतला फरक कळतो, मी गलबत होतो. ती कुणाला त्रास द्यायला येत नव्हती. बोलावणं होत होतं म्हणून येत होती, आणि फार दमलेली होती.

अशी चार वर्षं गेली.

आमच्या गावात तेव्हा एक समिती होती. बेलारूस देशातल्या अनाथाश्रमांमधली मुलं ती नाताळच्या सुट्टीत घरोघरी पाहुणी म्हणून ठेवायची. अणुभट्टी फुटून तिचं विषारी वारं ज्या मुलखावर गेलं, तिथली ही मुलं. त्यांना काही दिवस चांगली हवा मिळावी, दूधलोणी मिळावं, एवढाच हेतू. समितीच्या बाया दर वर्षी आमच्या घराला वळसा घालून पुढे जायच्या. त्या वर्षी एका घरात गोवर निघाला आणि एक मूल जास्तीचं उरलं. कोलमननं घरी न विचारता हो म्हणून टाकलं. मला वाटलं आता भांडण होणार. ब्रीडा एवढंच म्हणाली की येऊ दे, पण ओर्लाच्या बिछान्याला हात लागता कामा नये.

मुलांबरोबर त्यांची एक शिक्षिका आली होती, वेरा नावाची. तिला आमची भाषा पुस्तकातल्यासारखी शुद्ध यायची. तिनं मुलीला आमच्या दारात आणलं, तिचं नाव उल्याना असं सांगितलं, आणि कोलमनला समजावलं की मुलीला कसलंही वचन देऊ नका. मात्र ती आवडली, तर सुट्टी संपताना मला तिचं नाव सांगा, उन्हाळ्यात तिला परत आणू. "मुलांनाही हे ठाऊक असतं," वेरा म्हणाली, "त्यामुळे ती जरा जास्तच शहाण्यासारखी वागतात. तुम्हाला जे हवं ते बोलतात. मनावर घेऊ नका."

ब्रीडा तेव्हा माझी चादर घालत होती. तिनं नाव ऐकलंच नाही.

उल्याना आठनऊ वर्षांची असेल. केस मुलासारखे कापलेले, अंगात कुणाचातरी कोट, पायात दोन मापं मोठे बूट. तिला काय म्हणायचं हे घरात कुणालाच नीट जमलं नाही. कोलमन कधी उलानी म्हणायचा, कधी युलिना, आणि ती प्रत्येक हाकेला ओ द्यायची. ब्रीडा तिला "ए पोरी" म्हणायची.

पहिल्या संध्याकाळी ती स्टुलावर बसून गरम दूध पीत होती. समोर ब्रीडाचं रोजचं चाललं होतं. मला उलगडलं, पिशवी ठेवली, गादीवर हात फिरवला, "ओर्ला, झालं बघ. ओर्ला, ये आता." मुलगी टक लावून पाहत होती. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ओर्ला?"

ब्रीडाचा हात थांबला. "हो," ती म्हणाली, "ओर्ला."

मग तिला माडीवरच्या खोलीत नेलं. खोली चांगली होती, पण चुलीपासून लांब आणि एकटी. जिनं जन्मभर ओळीनं लावलेल्या खाटांवर झोप काढली, तिला एकटीला झोप कुठली येणार? सकाळी ब्रीडा मला मिटायला आली, तर मुलगी माझ्यात झोपलेली. बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले. ब्रीडानं तिला ओढून काढायला हात पुढे केला आणि तेवढ्यात तिचे डोळे उघडले. ती घाबरून उठून बसली. चुकलं आहे हे तिला कळलं असावं, कारण तिनं घाईघाईनं आपल्या जवळचे शब्द गोळा केले. आमच्याकडे येणाऱ्या परक्या माणसाला सगळ्यांत आधी दोनच शब्द येतात, कारण हवेबद्दल आम्ही दिवसभर तेच बोलतो. तिनं गादी थोपटली आणि म्हणाली, "ओर्ला गार. ओर्ला ओली."

ब्रीडानं गुडघ्यावर बसून गादीच्या ओल्या जागेवर तळहात ठेवला.

इथं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. एक बाई रोज बिछाना घालताना ओर्ला, ओर्ला म्हणते. परक्या मुलीनं बोट दाखवून विचारलं, तर बाई हो म्हणाली. तेव्हा आमच्या भाषेत बिछान्याला ओर्ला म्हणतात, असं त्या मुलीनं धरलं. बिछाना गार होता, ओला होता, ती खरंच बोलत होती. पण ब्रीडाला वाटलं की आपल्या पोरीचा निरोप आला. मला दोन्हीकडचं कळत होतं. मला तोंड असतं तर मी त्याच सकाळी सांगितलं असतं.

त्या दिवसापासून उल्यानाला माझ्यातच झोपवायचं ठरलं. कोलमनचा चेहरा खुलला, त्याला वाटलं ब्रीडा सावरली. पेग आत्याही खूश झाली. पण कोलमन गुरांकडे गेला की ब्रीडा मुलीला माझ्यापाशी आणायची आणि गुडघ्यावर बसून विचारायची, ओर्ला कशी आहे? मुलगी म्हणायची, गार. ओर्ला कुठे आहे? मुलगी गादीवर हात ठेवायची, इथं. तिला भीती वाटते का? हा प्रश्न मुलीला कळायचा नाही, मग ती हो म्हणायची. ब्रीडा रडायला लागायची. मुलगी ते पाहायची आणि उत्तर बदलायची, "ओर्ला छान. ओर्ला छान." मग ब्रीडा डोळे पुसून तिला लोणी लावलेला ब्रेड द्यायची. एवढा ब्रेड जगात कशाबद्दल मिळतो हे त्या पोरीला उमगत नव्हतं, पण कशामुळे बंद होईल याची तिला धास्ती होती.

नाताळच्या संध्याकाळी आमच्याकडे खिडकीत मेणबत्ती लावतात. ती घरातल्या सगळ्यांत लहान मुलानं पेटवायची असते. चार वर्षं कोलमनच पेटवत आला होता. या वेळी ब्रीडानं आगपेटी उल्यानाच्या हातात दिली, आणि कोलमन चुलीकडे वळून नाक शिंकरत राहिला. ब्रीडा मुलीच्या कानाशी काय बोलली ते मात्र त्याला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "ओर्लाला विचार, दिवा दिसतोय का?"

"हो," मुलगी म्हणाली.

माझ्यात आता दोन ओझी होती. एक उबदार, एक गार. उबदार ओझं दिवसेंदिवस कडेला सरकत होतं, कारण मधली जागा ओली असायची. उल्याना खोकू लागली. आधी थोडं, मग इतकं की माझ्या फळ्या हलायच्या. पेग आत्यानं कांदा उकळून पाजला. कोलमननं एका संध्याकाळी स्पष्टच सांगितलं की आजपासून मुलगी वर झोपेल.

"ती इथंच झोपेल," ब्रीडा म्हणाली.

"अगं, तिच्या छातीत घरघर ऐकू येतेय. गादी हाताला ओली लागते. आपल्या गुरांना तरी असं झोपवतो का आपण?"

"थोडेच दिवस राहिलेत, कोलमन. ती गेल्यावर मला कोण सांगणार?"

"काय सांगणार?"

ब्रीडानं गादीवर हात फिरवला. कोलमननं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग गादीकडे पाहिलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. या घरात त्या विषयावर आवाज चढवायची सवय राहिली नव्हती. तो बाहेर निघून गेला. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. आपल्यावरून भांडण झालं एवढं कळायला भाषा लागत नाही.

सहा जानेवारीला आमच्याकडे बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी स्वयंपाक आणि भांडी पुरुषांनी करायची, आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा-केक खात बसायचं. ब्रीडाकडे चार वर्षांत कुणी आलं नव्हतं. या वेळी पेग आत्यानं कुणाला न विचारता शेजारच्या नोनीला आणि वेराला बोलावून टाकलं. कोलमननं ब्रेड भाजला, तो एका बाजूनं करपला. पेग आत्या म्हणाली की वर्षातून एकदा हात लावतोस आणि तोही काळा करतोस, जा, तू गाईच बघ. तो खुशीनं गेला.

वेरानं उल्यानाला जवळ घेतलं आणि खोकला ऐकून तिच्या कपाळाला हात लावला. मग आपल्या भाषेत काही विचारलं. मुलीनं माझ्याकडे बोट दाखवून उत्तर दिलं, आणि त्या परक्या बोलण्यात एक शब्द आमचा होता. वेरानं कपाळाला आठ्या घातल्या.

"ती म्हणते, चुलीजवळचं ओर्ला छान आहे, फक्त ओलं असतं," वेरा म्हणाली. "माफ करा, बिछान्याला तुमच्याकडे ओर्ला म्हणतात का? मी दुसरा शब्द शिकले होते."

नोनीचा चमचा कपात तसाच राहिला. पेग आत्यानं डोळे मिटून घेतले.

"काय म्हणाली ती?" ब्रीडानं विचारलं. वेरानं पुन्हा सांगितलं.

"मग ती मला रोज काय सांगत होती?" ब्रीडाचा आवाज चढला. "विचारा तिला. ओर्ला गार आहे, ओर्ला ओली आहे, ओर्ला छान आहे. कोण गार? कोण छान?"

वेरानं विचारलं. मुलीनं खाली मान घालून हळूहळू सांगितलं, आणि वेरानं तेवढ्याच हळू आमच्या भाषेत आणलं. "ती म्हणते, बाई बिछान्याबद्दल विचारायच्या. बिछाना गार होता म्हणून गार सांगितलं. बाई रडायच्या, म्हणून मग छान सांगितलं. बाकीचं काय विचारायच्या ते कळलं नाही. तिचं चुकलं असेल तर ती माफी मागते."

तेव्हा पेग आत्या बोलली. "तिचं काही चुकलं नाही. तिला सांग, ओर्ला हिची मुलगी. समुद्रात गेली, सात वर्षांची असताना."

वेरानं ते सांगितलं तेव्हा उल्यानानं माझ्याकडे पाहिलं. आपण इतके दिवस कुणाच्या जागेवर झोपलो, ते तिला तेव्हा कळलं. ती ओरडली नाही. मान हलवली, जणू तिला तसा संशय होताच.

ब्रीडा उठली. मला वाटलं ती बाहेर जाईल. ती माझ्याजवळ आली आणि माझ्यावर बसली. चार वर्षांत माझ्यावर दिवसा बसलेलं ते पहिलं माणूस. ती फार जड होती. अंगानं नव्हे, कारण अंगानं ती अर्धी झाली होती.

"म्हणजे ती कुठेच नाही," ती म्हणाली.

मग पेग आत्या काठी टेकत आली आणि तिच्याशेजारी बसली. "बायका जमल्यात," ती म्हणाली, "किटली उकळतेय, केक कापलेला आहे. चार वर्षं उशीर झालाय, एवढंच. आता बसू या आपण तिच्यासाठी."

आणि मित्रांनो, त्या संध्याकाळी आम्ही ओर्लासाठी बसलो. देह नव्हता. मी होतो. नोनीनं सांगितलं की ओर्लानं एकदा चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यात बेडूक सोडला होता, आणि तो कुणी सोडला हे नोनीनं आजवर लपवलं होतं. पेग आत्यानं सांगितलं की ही कारटी माझे दात लपवून ठेवायची आणि पेपरमिंट दिल्याशिवाय सांगायची नाही. ब्रीडा आधी हसली. मग तिचं हसणं कुठल्याकुठे गेलं आणि ती अशी रडली की कोलमन गोठ्यातून धावत आला आणि दारातच टोपी काढून उभा राहिला. या घरात बसणं चाललंय हे त्याला सांगावं लागलं नाही.

उल्यानानं वेराच्या कानात काहीतरी सांगितलं. वेरा जरा घुटमळली, मग म्हणाली, "जुन्या पंचांगाप्रमाणे आमच्या नाताळची संध्याकाळ आज असते. मुलगी विचारते, तुम्ही गेलेल्यांना जेवायला वाढता का? तिची आजी वाढायची. जेवण झालं की त्यांना सांगायचं असतं, आलात, जेवलात, आता आपल्या घरी जा. ती म्हणते, सांगावं लागतं, नाहीतर त्यांना उठता येत नाही."

उल्यानानं आपल्या बशीतला केक मोडून अर्धा माझ्या कडेच्या लाकडी हातावर ठेवला. आणि ब्रीडाकडे पाहत उभी राहिली.

ब्रीडाला ते शब्द फुटेनात. आलीस, एवढं म्हणाली आणि थांबली. जेवलीस, म्हणायला तिला फार वेळ लागला. कोलमन येऊन तिच्यामागे उभा राहिला. शेवटी ती माझ्या फळीवर तळहात ठेवून म्हणाली, "जा आता, ओर्ला. दमली असशील. जा आपल्या घरी."

तिचं नाव निघू लागल्यापासून माझ्यावर येऊन टेकलेलं ते गार ओझं उठलं. मांडीवर बसलेलं मूल कंटाळून उतरून जावं, तसं. कोणाला काही दिसलं नाही, पण मला ते कळलं आणि मी कुरकुरलो. पेग आत्या म्हणाली की एवढ्या बायका बसल्या, म्हातारा मोडेल आता. मी मोडलो नाही. कोलमननं गादी उचलून चुलीसमोर वाळत टाकली. त्यानंतर ती पुन्हा कधी ओली झाली नाही, पिशवी तीच असून.

वेरानं निघताना कोट चढवला. दोन दिवसांनी मुलं परत जाणार होती. तिला विचारायची चोरी झाली असावी, पण काम होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "उन्हाळ्यात परत बोलवायचं असेल तर नाव सांगून ठेवा. नसेल तरी हरकत नाही, मी समजू शकते."

उल्याना माझ्या हाताला धरून उभी होती. वेरा काय विचारतेय ते तिला कळलं होतं. तिची बोटं माझ्या लाकडात रुतली. आपण कुणाचा निरोप आणत नव्हतो हे उघडं पडलं होतं, आणि आता तिच्याजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ब्रीडानं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. तिला नाव येत नव्हतं. इतके दिवस जिला घरात ठेवलं, जिला ओल्या गादीत झोपवून रोज खोदून खोदून विचारलं, तिला तिनं एकदाही नावानं हाक मारली नव्हती. ती मुलीसमोर गुडघ्यावर बसली.

"तुझं नाव काय गं?"

वेरानं भाषांतर केलं. मुलीनं लगेच उत्तर दिलं नाही. तिनं ब्रीडाच्या रडून सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं. या बाईला कुठलं उत्तर हवंय याचा ती अंदाज घेत होती. मग अगदी हळू म्हणाली, "ओर्ला?"

कोलमननं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नाही बाळा," ब्रीडा म्हणाली. "ओर्ला माझी मुलगी होती. ती गेली. मी तुझं विचारतेय."

"उल्याना."

"युलिना," ब्रीडा म्हणाली.

"नाही," मुलगी म्हणाली. "उल्याना."

आमच्या घरात आल्यापासून कुणालाही ती पहिल्यांदाच नाही म्हणाली होती. ब्रीडानं पुन्हा म्हणून पाहिलं, मुलीनं पुन्हा मान हलवून दुरुस्त केलं. नीट जमलं तेव्हा ब्रीडा वेराकडे वळली. "उन्हाळ्यात आम्हाला उल्याना हवी," ती म्हणाली, "हीच."

उल्याना त्या उन्हाळ्यात आली आणि पुढेही येत राहिली. माझ्यातच झोपली, पाय फळीला लागेपर्यंत. आता माझ्या बिजागऱ्या गंजल्यात आणि माझ्यावर ओल्या टोप्या आणि जुनी वर्तमानपत्रं पडलेली असतात. वर्षातून एकदा जवसाचं तेल पुसलंत तर मी आणखी बरीच वर्षं काढीन, पण मित्रांनो, माझं मागणं ते नाही. तुमच्या घरी कधी कुणाचं लेकरू राहायला आलं, तर त्याला चुलीजवळची जागा द्या, आणि ती देण्याआधी तिथून गेलेल्याला नीट निरोप द्या. त्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारा. तुमचं चुकलं तर ते पोर तुम्हाला दुरुस्त करू शकेल, एवढं निर्धास्त त्याला होऊ द्या. आमच्याकडे हे घडेपर्यंत जवळजवळ सगळी सुट्टी संपली.